श्रीरंगपट्टणचे परतलेले

१७९९ सालच्या मे महिन्याच्या ४ तारखेस श्रीरंगपट्टणचा किल्ला पडला आणि टिपू सुलतान लढता लढता मारला गेला. इतिहासाच्या पुस्तकांत ह्या घटनेचे परिणाम राज्यांच्या भाषेत नोंदलेले असतात. म्हैसूरची गादी वडियार घराण्यातील पाच वर्षांच्या कृष्णराजास मिळाली. कावेरीच्या बेटावरील राजधानी तेथून जवळच असलेल्या म्हैसूर शहरी गेली. इंग्रजांचा दक्षिणेतील पाया पक्का झाला. हे सर्व खरेच आहे. परंतु त्या दिवशी किल्ल्याच्या दरवाजातून आणखी एक प्रश्न बाहेर आला. तो राज्याचा नव्हता, धर्माचा होता. आणि तो विचारणारे पंडित नव्हते, पंधरा वर्षे बंदिवासात काढलेली साधी माणसे होती. माणसाला एकदा लाभलेले तारण त्याच्या हातून जाऊ शकते काय, आणि गेले तर ते परत मिळते काय, असा तो प्रश्न होता.

ही माणसे मूळची म्हैसूरची नव्हती. कानडा किनाऱ्यावर, मंगळूरच्या आसपास, कोकणी बोलणारा एक मोठा ख्रिस्ती समाज नांदत होता. त्यांचे पूर्वज सोळाव्या, सतराव्या आणि अठराव्या शतकांत गोव्याहून खाली उतरले. कोणी धर्मन्यायालयाच्या भीतीने, कोणी दुष्काळाने, कोणी लढायांच्या धामधुमीने. त्यांत मराठ्यांच्या गोव्यावरील स्वाऱ्याही आल्या. मराठी भाषेशी त्यांचा संबंध केवळ शेजाराचा नव्हता. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने मराठी ओव्यांत रचलेले आणि १६१६ साली प्रथम छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ ह्या समाजाने जपले, आणि त्याची आधुनिक काळातील पहिली छापील आवृत्ती १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी काढली ती मंगळूरहूनच.

दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजांनी मंगळूर घेतले, त्या वेळी ह्या ख्रिस्ती लोकांनी त्यांस साहाय्य केले असा टिपूचा ग्रह झाला. मंगळूर परत हाती येताच १७८४ च्या फेब्रुवारीत, ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या सुमारास, त्याने ह्या समाजाची एकाच वेळी धरपकड केली आणि घाट चढवून सर्वांना श्रीरंगपट्टणास नेले. त्यांची संख्या किती होती याविषयी एकमत नाही. तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत आणि त्याहूनही अधिक असे अंदाज केले गेले आहेत. पुरुषांची सुंता करण्यात आली, तरुणांना फौजेत घालण्यात आले, प्रार्थनामंदिरे पाडण्यात आली. टिपूचे धोरण सर्वत्र एकाच मापाचे नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. १७९१ साली मराठी फौजेबरोबर आलेल्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला, तेव्हा मठाच्या स्वामींना आदराची पत्रे व द्रव्य पाठविणारा राजा तोच होता. कानडा किनाऱ्यावरील ख्रिस्ती लोकांवर त्याचा जो रोष झाला तो बव्हंशी राजकीय संशयातून झाला. पण ज्याच्यावर तो कोसळला त्याला कारणाच्या ह्या पृथक्करणाने काय दिलासा मिळणार? पंधरा वर्षे ते मुसलमान म्हणून जगले. त्यांची मुले त्याच नावांनी वाढली.

किल्ला पडला आणि हे लोक मोकळे झाले. त्यांच्या पुनर्वसनासाठी कर्नल आर्थर वेलस्ली याच्या निमंत्रणावरून एक फ्रेंच धर्मगुरू श्रीरंगपट्टणास आला. त्याचे नाव जां आंत्वान दुब्वा. इतिहासात तो आबे दुब्वा म्हणून प्रसिद्ध आहे. १७६६ साली दक्षिण फ्रान्समधील एका खेड्यात त्याचा जन्म झाला. १७९२ साली, फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटलेला असताना, पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेचा सभासद म्हणून तो हिंदुस्थानात आला आणि पाँडिचेरीच्या बाजूस काही वर्षे काढून म्हैसूरच्या मुलखात स्थिरावला. त्याने येथील लोकांसारखा पोशाख स्वीकारला, येथील अन्न व आचार पत्करले. उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांसाठी त्याने शेतीच्या वसाहती वसविल्या; देवीची लस ह्या भागात रुजविण्याच्या कामीही त्याने पुढाकार घेतला. हिंदूंच्या चालीरीतींवर त्याने लिहिलेल्या ग्रंथाचे हस्तलिखित म्हैसूरचे रेसिडेंट मार्क विल्क्स यांच्या शिफारशीने कंपनी सरकारने विकत घेतले आणि १८१६ साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. त्यातील बराच भाग पूर्वीच्या एका फ्रेंच जेझुइटाच्या लिखाणावर आधारलेला होता, असे विसाव्या शतकातील संशोधनाने दाखविले आहे. परंतु त्या ग्रंथाच्या गुणदोषांशी येथे कर्तव्य नाही. येथे कर्तव्य आहे ते त्याच्या दाराशी आलेल्या माणसांशी.

दुब्वाने पुढे १८२३ साली लंडनमध्ये ‘हिंदुस्थानातील ख्रिस्ती धर्माच्या स्थितीविषयी पत्रे’ प्रसिद्ध केली, त्यांत ह्या माणसांची हकिगत आली आहे. त्याच्या मते बंदिवान साठ हजार होते. टिपूच्या मृत्यूनंतर त्यांतील सुमारे दोन हजार त्याच्या संपर्कात आले आणि सुमारे वीस हजार मंगळूरकडे परतून त्यांनी आपली मंदिरे पुन्हा उभारली. परतणाऱ्यांचे म्हणणे काय होते, हेही त्याने नमूद केले आहे. ते म्हणत की आमचा धर्मत्याग केवळ बाहेरचा होता. ख्रिस्तावरील खरा विश्वास आम्ही अंतःकरणात सतत जपला होता. दुब्वाने त्यांना जवळ केले, पण त्याचे मन मात्र शांत झाले नाही. इतक्या हजारांत एकालाही हुतात्मा होण्याचे धैर्य झाले नाही, ही खंत त्याने कठोर शब्दांत नोंदविली आणि अशी कसोटी पुन्हा ह्यांच्यावर न येवो, कारण आली तर तेच घडेल, असेही लिहून ठेवले. मंगळूरच्या समाजाची परंपरा ह्याहून निराळे सांगते. वाटेत आणि बंदिवासात मेलेल्यांची, चोरून प्रार्थना करणाऱ्यांची आठवण तिने सांभाळली आहे.

परतलेल्यांच्या ह्या एका वाक्यात ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एका महान वादाचे सर्व धागे गुंतलेले आहेत. विश्वास आत, आणि कर्म बाहेर. आतला विश्वास शाबूत असेल तर बाहेरच्या कर्माने तारण गमावते काय?

हा प्रश्न ख्रिस्ती धर्मापुरता नाही हे मराठी माणसास सांगावयास नको. नेताजी पालकर मोगलांच्या कैदेत सापडला, मुसलमान झाला, अफगाण सरहद्दीकडे नोकरीस गेला आणि जवळजवळ दहा वर्षांनी परतला. १६७६ साली शिवाजी महाराजांनी त्याला प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात घेतले. बळाने भ्रष्ट केलेल्यांना परत घेण्याचे विधी देवलस्मृतीत सांगितले आहेत. म्हणजे पतन कोणते, प्रायश्चित्त कोणते आणि परत येण्याची वाट किती रुंद, हा विचार प्रत्येक धर्मास करावाच लागला आहे. ख्रिस्ती धर्माने तो कसा केला, एवढेच पाहावयाचे.

त्याचा आरंभ फार जुना आहे. इसवी सन २५० मध्ये रोमन सम्राट डेसियस याने आज्ञा काढली की, साम्राज्यातील प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. हजारो ख्रिस्ती लोकांनी भीतीने बळी दिले. काहींनी बळी न देता पैसे चारून नुसता दाखला मिळविला. छळ ओसरल्यावर हे ‘पतित’ पुन्हा मंडळीच्या दाराशी आले. रोममधील नोव्हेशियन म्हणाला, ह्यांना क्षमा करण्याचा अधिकार मंडळीला नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मधला मार्ग धरला. दाखला घेणारा आणि बळी देणारा यांत त्याने भेद केला, प्रत्येकाची परिस्थिती पाहावी असे ठरविले, आणि दीर्घ प्रायश्चित्ताची अट घालून दार उघडे ठेवले. मंडळीने पुढे त्याचाच मार्ग मानला. श्रीरंगपट्टणात जे घडले ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर साडेपंधराशे वर्षांपूर्वी घडून गेले होते.

ह्याच मार्गावरून कॅथॉलिक सिद्धान्त आकारास आला. बाप्तिस्म्याने माणसाचे पाप धुतले जाते, त्याच्या आत्म्यावर न पुसणारा ठसा उमटतो आणि ईश्वराची पावन करणारी कृपा त्याच्या अंतरी वास करू लागते. ही कृपा ही बीजासारखी आहे. माणूस तिच्याशी सहकार्य करतो, प्रेमाची कृत्ये करतो, तशी ती वाढते. परंतु जाणूनबुजून केलेल्या गंभीर पापाने ती नष्टही होते. विश्वास उरतो, पण ज्या विश्वासातून प्रेम निघून गेले तो तारीत नाही. असा माणूस पापनिवेदन व प्रायश्चित्त यांच्या संस्काराने पुन्हा कृपेत येतो. बाप्तिस्मा मात्र पुन्हा द्यावयाचा नसतो, कारण तो ठसा कधी पुसलाच गेलेला नसतो. ह्या दुसऱ्या संधीस सेंट जेरोमने जहाज फुटल्यावर हाती लागणारी दुसरी फळी म्हटले. पहिले तारू बाप्तिस्म्याचे. ते फुटले तर प्रायश्चित्ताची फळी धरून तीर गाठावयाचे.

सोळाव्या शतकात जर्मनीतील मार्टिन ल्यूथर ह्या संन्यासी अध्यापकाने ह्या दृष्टान्तावरच बोट ठेवले. ल्यूथरचा उठाव १५१७ च्या ३१ ऑक्टोबरला पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध सुरू झाला, हे सर्वश्रुत आहे. पण त्याचे मूळ दुखणे खोल होते. उपवास, जागरणे, पापनिवेदन हे सर्व करूनही ‘मी पुरेसे केले काय’ ही धास्ती त्याच्या मनातून जाईना. पौलाची पत्रे वाचताना त्याला उत्तर सापडले. ईश्वर माणसाला नीतिमान ठरवितो तो त्याच्या कर्मांचा हिशेब पाहून नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासामुळे. आणि तो विश्वासही ईश्वराचेच देणे. मग १५२० साली लिहिताना तो म्हणाला, जेरोमची फळी चुकीची आहे. बाप्तिस्म्याचे तारू फुटतच नाही, कारण ते ईश्वराच्या वचनाचे आहे. माणूस त्यातून खाली पडतो, एवढेच. त्याला दुसरी फळी नको. पोहत येऊन त्याच तारवावर पुन्हा चढावयाचे आहे.

एका उपमेतील एवढ्या फरकात दोन्ही पंथांचे अंतर स्पष्ट दिसते. एकाची दृष्टी माणसाच्या अंतरी घडलेल्या पालटावर आहे. तो पालट वाढतो, घटतो, नाहीसा होतो, पुन्हा घडतो. दुसऱ्याची दृष्टी बाहेर उभ्या असलेल्या, न बदलणाऱ्या वचनावर आहे. मात्र दोघांविषयीही लोकांत गैरसमज पुष्कळ आहेत. कॅथॉलिक पंथ कर्मांनी तारण विकत घेता येते असे मानतो, हे खरे नाही. ट्रेंट येथील परिषदेने १५४७ च्या जानेवारीत ह्या विषयावर जो ठराव केला, त्यातील पहिलाच नियम असा की, कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असे म्हणणारा बहिष्कृत होय. उलट प्रॉटेस्टंट पंथ सत्कर्मे निरर्थक मानतो, हेही खरे नाही. त्याच्या मते सत्कर्मे ही मुळे नव्हेत, फळे आहेत. फळ आले नाही तर झाड जिवंत असल्याचा संशय येतोच. बायबलमध्ये पौल अब्राहामाचा दाखला देऊन विश्वासाचा महिमा सांगतो आणि याकोब त्याच अब्राहामाचा दाखला देऊन कर्मावाचून विश्वास मृत आहे असे बजावतो. एकच पुरुष दोन्ही बाजूंचा साक्षीदार झाल्यावर वाद सहज मिटण्याजोगा राहिला नाही.

तारण गमावण्याच्या प्रश्नावर तर प्रॉटेस्टंट पंथ स्वतःच दुभंगला. ल्यूथरच्या अनुयायांनी १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात स्पष्ट लिहिले की, एकदा नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्म्यास मुकूच शकत नाही हे मत त्याज्य आहे. आणि त्याच ठिकाणी पतितांना क्षमा नाकारणाऱ्या त्या जुन्या नोव्हेशियनच्या पंथाचाही त्यांनी निषेध केला. म्हणजे ह्या एका बाबतीत ल्यूथरपंथी रोमच्या जवळ राहिले. जॉन कॅल्व्हिनच्या परंपरेने मात्र वेगळी वाट धरली. ज्यांना ईश्वराने अनादी संकल्पाने निवडले ते अडखळतील, पडतील, पण अखेरपर्यंत पडून राहणार नाहीत. त्यांचे तारण ईश्वराच्या मुठीत आहे, असा निर्णय हॉलंडमधील डॉर्टच्या सभेने १६१८-१९ साली दिला. जो कायमचा सोडून गेला, त्याच्या ठायी खरा विश्वास मुळी नव्हताच असे समजावयाचे. पुढे अठराव्या शतकात इंग्लंडच्या जॉन वेस्लीने ह्याच्या विरुद्ध सांगितले. कृपा सर्वांसाठी आहे, ती स्वीकारणे वा नाकारणे माणसाकडे आहे, आणि म्हणून स्वीकारलेली कृपा गमावलीही जाऊ शकते.

हा वाद परका वाटत असेल तर म्हैसूरहून उत्तरेस मेलुकोट्यापर्यंत जावे. रामानुजाचार्यांच्या वास्तव्याने पवित्र झालेले हे क्षेत्र श्रीवैष्णवांचे आहे, आणि श्रीवैष्णवांत वडगलै व तेंगलै असे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, माकडाचे पोर आईला स्वतःच्या हातांनी धरून राहते, तसे जीवाने भगवंतास धरावे. दुसरा म्हणतो, मांजर आपल्या पिलाला तोंडात धरून नेते, पिलाला काही करावे लागत नाही. तशी भगवंताची कृपा. हे मर्कटन्याय आणि मार्जारन्याय मराठी वाचकास अपरिचित नाहीत. म्हैसूरच्या राजगुरूंचा परकाल मठ वडगलै संप्रदायाचा. दोन धर्मांतील सिद्धान्त एकच आहेत असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण त्यांची ईश्वराविषयीची आणि मुक्तीविषयीची कल्पना भिन्न आहे. पण पकड कोणाची, जीवाची की ईश्वराची, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. पोराची पकड सुटू शकते. मांजराच्या तोंडातले पिलू पडत नाही. वेस्ली पहिल्याच्या जवळ जातो, कॅल्व्हिन दुसऱ्याच्या.

आता पुन्हा श्रीरंगपट्टणास यावे. ‘धर्म बाहेरून सोडला, आतून नाही’ असे म्हणणाऱ्या त्या माणसास निरनिराळ्या पंथांच्या आचार्यांनी काय सांगितले असते? कॅथॉलिक गुरू म्हणाला असता: तुझा विश्वास उरला असेल, पण ख्रिस्ताला उघड नाकारणे हे गंभीर पाप आहे. तुझ्यावर बळजबरी झाली, त्याने तुझा दोष हलका होतो. तो किती हलका हे ईश्वर जाणतो. तुला पुन्हा बाप्तिस्मा नको; पापनिवेदन कर, प्रायश्चित्त कर आणि पंक्तीस ये. बंदिवासात जन्मलेल्या तुझ्या मुलांना मात्र बाप्तिस्मा हवा. ल्यूथरपंथी म्हणाला असता: भीतीने तू तारवावरून पडलास, तारू तेथेच आहे, वचनावर भरवसा ठेवून चढ. कॅल्व्हिनपंथी म्हणाला असता: पेत्राने तीनदा नाकारले तरी तो ख्रिस्ताचाच राहिला. तू परत आलास, हाच तुला कोणी सोडले नव्हते ह्याचा पुरावा असेल. वेस्लीचा अनुयायी म्हणाला असता: तू गमावले होतेस, पण बाप दारात उभा आहे, परत ये.

ह्या चार उत्तरांत तत्त्वाचे अंतर मोठे आहे. पण एक गोष्ट चारही उत्तरांत समान आहे. दार लावून घ्यावे, असे कोणीही म्हणत नाही. नोव्हेशियनचे कठोर मत चौघांनीही टाकून दिले आहे. वाद गमावले काय ह्याविषयी आहे, आणि परत आणणारा हात कोणाचा ह्याविषयी आहे. परत यावे की नाही ह्याविषयी नाही.

दुब्वाच्या चरित्रात ह्या प्रश्नाचे आणखी एक वळण आहे, आणि ते करुण आहे. गमावून परतलेल्याची ख्रिस्ती धर्मातील सर्वांत प्रसिद्ध कथा म्हणजे उधळ्या पुत्राची. बापाचे धन उधळून भुकेकंगाल झालेला मुलगा घरी परततो आणि बाप आनंदाने पुष्ट वासरू कापून मेजवानी करतो. दुब्वाने एकदा आपल्या ख्रिस्ती श्रोत्यांसमोर ह्या कथेवर प्रवचन केले. प्रवचन संपल्यावर काही श्रोते नाराज होऊन त्याच्याकडे आले. वासरू कापल्याचा उल्लेख करणे अनुचित झाले; एखादा हिंदू ऐकत असता तर आपला धर्म नीच लोकांचा आहे ही त्याची समजूत पक्की झाली असती; पुढच्या वेळी वासराऐवजी कोकरू म्हणावे, असा सल्ला त्यांनी दिला. दुब्वाने ही आठवण लिहिली ती बायबलची भाषांतरे लोकांत वाटण्याने काही साधणार नाही हे दाखविण्यासाठी. पण तिच्यातून दुसरेही काही दिसते. बापाच्या क्षमेची कथा सांगतानाही ऐकणाऱ्यांचे लक्ष आचाराच्या एका तपशिलावर अडले, इतके आचाराचे वजन त्या समाजात होते. विश्वास आणि कर्म ह्यांचा वाद युरोपात पंडितांनी केला. म्हैसूरच्या खेड्यांत तो मेजवानीच्या ताटावर येऊन बसला.

अखेरीस दुब्वा निराश झाला. तीसएक वर्षे हिंदुस्थानात काढून आपल्या हातून दोनतीनशेच नवे ख्रिस्ती झाले, आणि त्यांतही अनेकांचा हेतू ऐहिक होता, असे त्याने मोकळेपणाने कबूल केले. हिंदूंचे धर्मांतर होणे अशक्य आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. कॅथॉलिक पूजाविधी, मूर्ती, मिरवणुका ह्यांची हिंदू मनाला थोडी तरी ओढ वाटेल. प्रॉटेस्टंटांचा कोरडा, ग्रंथनिष्ठ धर्म येथे मुळीच रुजणार नाही, असेही त्याने लिहिले. एवढेच नव्हे, तर ईश्वरानेच ह्या लोकांना त्यांच्या हट्टापायी सोडून दिले असावे, असा सूर त्याच्या पत्रांत उमटतो. प्रॉटेस्टंटांकडून लगेच उत्तरे आली. मद्रास इलाख्यातील धर्माधिकारी जेम्स हफ याने आणि कलकत्त्यात काम केलेल्या हेन्री टाउनली याने १८२४ साली दुब्वाच्या खंडनार्थ पुस्तके लिहिली. हफचे म्हणणे असे की, दोष हिंदूंचा नाही, पद्धतीचा आहे. लोकांच्या हाती शास्त्रग्रंथ न देता विधी तेवढे दिले, तर श्रद्धा खोल कशी जाणार?

ह्या वादातील विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. माणसाच्या सहकार्यावर भर देणाऱ्या पंथाचा गुरू येथे दैवी संकल्पापुढे हात टेकतो, आणि कृपाच सर्व काही असे मानणाऱ्या पंथाचे लोक त्याला माणसाच्या प्रयत्नाची आठवण देतात. सिद्धान्त आणि स्वभाव नेहमीच एकमेकांना धरून चालतात असे नाही. १८२३ च्या जानेवारीत दुब्वा मायदेशी परतला. पॅरिसमध्ये त्याच मिशन संस्थेत तो पुढे प्रमुखपदापर्यंत चढला आणि १८४८ साली वारला. हिंदुस्थानात तो पुन्हा आला नाही.

त्याचे भाकीत मात्र पुरते खरे ठरले नाही. ज्या प्रॉटेस्टंट मिशनांविषयी त्याने आशा धरली नव्हती, ती म्हैसूर संस्थानात टिकली. लंडन मिशनचे लोक १८२० साली बेंगळुरास आले. पाठोपाठ वेस्लीच्या अनुयायांनी तेथे ठाणे केले आणि मग गुब्बी व म्हैसूरपर्यंत काम वाढविले. कॅल्व्हिनची परंपरा सांगणारे एक, वेस्लीची सांगणारे दुसरे. तारण गमावता येत नाही म्हणणारे एक, येते म्हणणारे दुसरे. दोघांच्या शाळा, दोघांचे छापखाने. म्हैसूर शहरात वेस्लियन मिशनने १९०६ साली सुरू केलेले होल्ड्सवर्थ रुग्णालय कर्माच्या बाजूने मूकपणे साक्ष देत राहिले. केवळ विश्वासाने तारण होते असे मानणाऱ्यांनीच रोग्यांची सेवा जन्मभर केली. फळांवरून झाड ओळखावे असे त्यांचेच सूत्र होते. तिकडे कॅथॉलिकांसाठी १९३३ साली चौथ्या कृष्णराज वडियारांच्या हस्ते सेंट फिलोमिनाच्या भव्य मंदिराची कोनशिला बसली. वैष्णव गुरूंचा शिष्य असलेल्या राजाने ख्रिस्ती मंदिराचा पाया घातला, ही गोष्ट म्हैसूरच्या परंपरेस शोभणारीच होती.

नंतर दोन घटना अशा घडल्या की ज्यांची दुब्वाने वा हफने कल्पनाही केली नसती. १९४७ च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदुस्थानातील अँग्लिकन, वेस्लियन आणि कॅल्व्हिनच्या परंपरेतील मंडळ्या एकत्र येऊन एकच संयुक्त मंडळी स्थापन झाली. डॉर्टच्या सभेपासून जे एकमेकांस चुकीचे म्हणत आले होते ते एका पंक्तीस बसले. म्हैसूरच्या वेस्लियन मंडळ्याही त्यातच आल्या. दुसरी घटना १९९९ च्या ३१ ऑक्टोबरची. आउग्सबुर्ग शहरात रोमन कॅथॉलिक मंडळी आणि जागतिक ल्यूथरन संघ यांनी नीतिमान ठरविले जाण्याच्या सिद्धान्तावर एक संयुक्त घोषणा केली. माणसाचा स्वीकार ईश्वर करतो तो केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या कार्यावरील विश्वासाने, माणसाच्या पुण्याईमुळे नव्हे. आणि तीच कृपा त्याला सत्कर्मांस प्रवृत्त करते, असे दोघांनी मिळून मान्य केले. परस्परांवरील जुने बहिष्कार ह्या घोषणेतील शिकवणीस लागू नाहीत, असेही ठरले. २००६ मध्ये मेथॉडिस्टांनी आणि २०१७ मध्ये कॅल्व्हिनच्या परंपरेतील मंडळ्यांनी तिला संमती दिली. मतभेद संपले असे नव्हे. पापाचा अंश, पुण्याईचा अर्थ, तारणाची खात्री ह्यांविषयी दोन्हीकडची भाषा अजून वेगळी आहे. पण चारशे-साडेचारशे वर्षांनी दोघांनी एकमेकांचे म्हणणे एकमेकांच्या शब्दांत ऐकले.

श्रीरंगपट्टणच्या पाडावास त्या वर्षी बरोबर दोनशे वर्षे झाली होती. आउग्सबुर्गमध्ये जमलेल्यांपैकी कोणाला त्या परतलेल्या कोकणी कुटुंबांची आठवण झाली असेल असे वाटत नाही. तरी तो प्रश्न त्यांचाच होता. दुब्वाने त्यांच्याविषयी कठोर लिहिले. हुतात्मा कोणी झाले नाही म्हणून तो त्यांच्यावर रुष्ट होता. पण त्याची कृती त्याच्या लेखणीहून उदार ठरली. त्याने दार उघडले, वस्ती वसविली, मुलांना देवीची लस मिळवून दिली. पुस्तकातला त्याचा निवाडा ग्रंथालयात राहिला आहे. त्याने जवळ केलेल्या कुटुंबांचे वंशज मात्र कावेरीकाठच्या गावांत राहिले आणि मंगळूरला परतलेल्या हजारोंचा समाज पुन्हा फुलला. विश्वास मोठा की कर्म, ह्या वादात त्याच्या स्वतःच्या जीवनाने दिलेली साक्ष कोणत्या बाजूची धरावयाची, हे ज्याने त्याने ठरवावे.